गोपनीय मामांचे अहवाल

आमच्या फिल्म सोसायटीच्या दारात पहिल्यांदा आले तेव्हा मामांनी मला बाजूला घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं, "ताई, कुणाला सांगू नगासा, मी गोपनीयचा हाय." मामांच्या हिशेबी ही कुजबूज होती. पण रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यावर उभ्या असलेल्या दोघांनी मान वर करून बघितलं.

पोलीस ठाण्यात एक माणूस असा असतो की सभा कुठं आहे, मोर्चा कोण काढतोय, भाषणात कोण काय बोललं याची गुपचूप खबर ठेवायची आणि साहेबांना लेखी अहवाल द्यायचा. त्याला गोपनीयचा म्हणतात. आमचे मामा हवालदार होते आणि गेली काही वर्षं हे काम करत होते. साध्या वेशात असायचे. साधा वेश म्हणजे पांढरा बुशशर्ट, आणि त्याखाली खाकी पॅंट आणि पोलिसी तांबडे बूट, कारण दुसरे बूट त्यांच्याकडे नव्हते. त्यात सहा फूट उंची आणि ओठावर मिशीचा झुबका. सभेला गेले की संयोजक त्यांना पुढची खुर्ची द्यायचे आणि वक्ते भाषणाची सुरुवात "उपस्थित बंधू-भगिनी आणि गोपनीय मामा" अशी करायचे. मामांना त्यात काही वावगं वाटत नसे. उलट नाव घ्यायला कुणी विसरलं तर ते अहवालात तशी नोंद करायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा एका सहकारी बँकेत कारकून होते आणि फिल्म सोसायटीची चिटणीस. कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका व्यापाऱ्यांच्या संघटनेचा माडीवरचा हॉल आम्हाला रविवारी सकाळी मिळायचा. पुण्याहून सिनेमाच्या रिळांचे पत्र्याचे डबे एसटीच्या पार्सलने यायचे. आमचे अध्यक्ष इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. सर सिनेमाला सिनेमा म्हणत नसत, चित्रकृती म्हणत, आणि चित्रकृती चालू असताना कुणी खाकरलं तर दिवे लावून कोण ते बघत. त्यांची निवडही तशीच होती. ज्या देशात ज्या सिनेमावर बंदी, तो सिनेमा सरांना हवा. त्यामुळे आमच्या पडद्यावर दर रविवारी सकाळी दहा वाजता कुठल्या ना कुठल्या देशातलं सरकार कुणाला ना कुणाला छळत असायचं. छळ बारा-साडेबाराला संपला की सभासद चर्चा करायचे आणि मग घरी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला जायचे.

असल्याच एका सिनेमात शिपाई एका कैद्याला कपडे काढून बर्फात उभा करतात आणि त्याच्यावर बंबाने गार पाणी मारतात. ते बघून, किंवा न बघताच, कुणीतरी ठाण्यात निनावी अर्ज केला की शाहूपुरीत रविवारी सकाळी सुशिक्षित लोक जमून नागडे सिनेमे बघतात. चौकशीला मामा आले. सरांनी त्यांना तोच सिनेमा पुन्हा दाखवला. दोन दिवसांनी मामा माझ्या बँकेत, माझ्या खिडकीशी आले. परदेशी नावं नीट लिहिली आहेत का ते त्यांना माझ्याकडून तपासून घ्यायचं होतं. गोपनीय अहवाल त्यांनी काउंटरवर पसरला. त्यात लिहिलं होतं, "सदर इसम विवस्त्र होता हे खरे आहे. परंतु तो थंडीने इतका कुडकुडत होता की प्रेक्षकांपैकी कोणाच्याही मनात वाईट विचार येण्यास वाव नव्हता. मला स्वतःला त्यास घोंगडे द्यावेसे वाटले." मी फक्त दिग्दर्शकाच्या नावातली एक वेलांटी बदलली.

चौकशी खरं म्हणजे तिथंच संपायला हवी होती. पण साहेबांनी शेरा मारला की लक्ष ठेवावे, आणि मामांनी ती आज्ञा मनापासून पाळली. ते दर रविवारी येऊ लागले. पहिल्या रांगेत उजवीकडची खुर्ची, मांडीवर डायरी, खिशात भाजलेल्या शेंगा. त्यांची अडचण एकच होती. सिनेमाच्या तळाशी इंग्रजी अक्षरं यायची आणि ती वाचून होईपर्यंत पळून जायची. म्हणून त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"ताई, ह्यो काय म्हणायलाय?"

"तो तिला तिच्या नवऱ्याचं नाव विचारतोय."

"आन् ती?"

"ती सांगत नाही."

"बरं करायलीया."

हे सगळं हॉलभर ऐकू जायचं. सर वळून बघायचे. मी ओशाळायची. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की मागच्या रांगा रिकाम्या पडायला लागल्यात. एक वकील, दोन डॉक्टर, एका कॉलेजचे उपप्राचार्य, सगळे एकेक खुर्ची पुढे सरकत आमच्या पाठीमागे येऊन बसले होते. चार वर्षं ही मंडळी माना डोलवत होती आणि त्यातल्या निम्म्यांना सिनेमातलं काही कळत नव्हतं. उपप्राचार्यांनी तर मध्यंतरात मला जिन्यात गाठलं आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका सिनेमात शेवटी नक्की कोण मेलं ते विचारून घेतलं. मी सांगितल्यावर ते म्हणाले की त्यावर त्यांनी एक लेख लिहिला होता आणि त्यात दुसऱ्याच माणसाला श्रद्धांजली वाहिली होती.

मामा सिनेमा पोलिसाच्या डोळ्यांनी बघत. सर आम्हाला प्रकाश आणि सावली समजावून सांगत, तेव्हा मामा डायरीत लिहीत, "एकूण खून चार, झडत्या दोन. झडतीवेळी पंच हजर नव्हते." दक्षिणेकडच्या कुठल्याशा देशातल्या गुप्त पोलिसांनी पहाटे एका कवीच्या घरात शिरून त्याच्या वह्या पोत्यात भरल्या. मामा अस्वस्थ झाले. वह्या मोजल्या नाहीत, यादी केली नाही, घरमालकाची सही घेतली नाही, असं ते मला सांगत राहिले. असल्या कामानं खात्याचं नाव जातं, असं त्यांचं म्हणणं. जगातल्या तमाम हुकूमशहांबद्दल त्यांची मुख्य तक्रार अशी की त्यांचं कागदपत्र फार ढिसाळ असतं.

शेंगांवरून सरांचं आणि त्यांचं वाजायचं. शांत प्रसंगात टरफल फुटलं की सर कपाळाला हात लावत. पण मला त्या शेंगांचा फार उपयोग झाला. पडद्यावर क्रौर्य सुरू झालं की मामांचा हात थांबायचा. शेंग बोटांत तशीच धरलेली राहायची, कधीकधी अख्खं रीळ. सिनेमा संपल्यावर टरफलं किती आणि आख्ख्या शेंगा किती यावरून मला सिनेमा कसा होता ते कळायचं. बऱ्याच परीक्षणांपेक्षा हे माप मला खरं वाटत आलंय.

एका रविवारी एकही शेंग फुटली नाही. तो सिनेमा एका सीमेवरच्या चौकीतला होता. एका शाळामास्तराला पकडून आणतात आणि एका खोलीत घेऊन जातात. खोलीत काय होतं ते दिसतच नाही. आवाज येत राहतात आणि कॅमेरा खिडकीतून बाहेर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहतो. चर्चेत सर वीस मिनिटं त्या कपड्यांवर बोलले. ते कपडे म्हणजे राष्ट्र, दोरी म्हणजे इतिहास, आणि वाऱ्याचंही काहीतरी होतं. मग मामांनी हात वर केला. दीड वर्षात पहिल्यांदा.

"सर, मला तसं न्हाय वाटत," ते म्हणाले. या वेळी आवाज खरंच बारीक होता. "मारणारा मानूस खिडकीकडं बघतोय. तोंडाकडं बघून हात उठत न्हाय."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. त्या आठवड्यात मामा अहवाल दाखवायला बँकेत आले नाहीत.

पुढे म्हशीचा सिनेमा आला आणि सगळंच बदललं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण कोल्हापुरात तो म्हशीचा सिनेमा म्हणूनच राहिला. कुठल्यातरी डोंगराळ देशातला. तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली होती आणि दिग्दर्शकाला तुरुंगात टाकलं होतं, म्हणजे सरांच्या दृष्टीने तो अगदी शुभशकुन. पण कुठल्याशा सांजवर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली की शाहूपुरीत देशविरोधी चित्रपट दाखवणार. कुठल्या देशाच्या विरोधी, हे त्यात नव्हतं. दोन दिवसांत एका संघटनेनं इशारा दिला की खेळ बंद पाडू.

साहेबांनी मामांना बोलावून घेतलं आणि शांतता भंग होण्याची शक्यता आहे, सबब परवानगी नाकारावी, असा अहवाल संध्याकाळपर्यंत मागितला. मामा म्हणाले की सिनेमा अजून बघितलेला नाही. साहेबांनी समजावलं की अहवाल आधी लिहायचा असतो, म्हणजे नंतर बघायची वेळ येत नाही. मामांनी संध्याकाळपर्यंत काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बँकेत येऊन त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा ते काउंटरवरची टाचणी उचलत होते आणि परत ठेवत होते. नोकरीची चार वर्षं राहिली होती. मी त्यांना म्हटलं की लिहून टाका, आम्ही पुढच्या महिन्यात दुसरा सिनेमा आणू. ते म्हणाले, "ताई, आजपातूर मी न बघता कायबी लिवलं न्हाय. येकदा लिवलं तर मग डोळं कशाला ठेवल्यात?"

अहवाल नाही म्हणून परवानगी नाकारली गेली नाही, आणि रविवारी तीसेक माणसं फलक घेऊन जिन्यावर आली. फलकांवर सिनेमाचं नाव तीन प्रकारांनी लिहिलेलं होतं, तिन्ही चुकीचे. पुढे अण्णा म्हणून एक पुढारी होते. एका गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन, आणि तालमीत कमावलेलं अंग. सर दारात उभे होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचं इंग्रजी भाषण त्यांच्या हातात तयार होतं. तेवढ्यात कडक इस्त्रीच्या गणवेशातला, टोपी घातलेला एक हवालदार वर आला. सरांनी त्याला विचारलं, आपण कोण? मामा होते. गणवेशात त्यांना आमच्यापैकी एकानेही ओळखलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरे गोपनीय झाले होते.

मामांनी अण्णांना नमस्कार केला आणि सांगितलं की बंद जरूर पाडा, तुमचा अधिकार आहे, पण कितव्या मिनिटाला काय आक्षेपार्ह दिसलं ते लेखी द्यावं लागेल. त्यासाठी आधी बसून बघावं लागेल. अण्णांनी कार्यकर्त्यांकडे बघितलं. कार्यकर्त्यांनी चपला काढल्या, फलक भिंतीला टेकवले आणि सगळे आत येऊन बसले. आमच्या सोसायटीच्या इतिहासात हॉल पहिल्यांदाच भरला.

पहिली सात मिनिटं पडद्यावर एक डोंगर होता. नुसता डोंगर. अण्णांनी मामांना विचारलं की पिक्चर कधी सुरू होणार. मामा म्हणाले, ह्योच की. मग डोंगराच्या कडेनं एक म्हातारी म्हैस घेऊन उतरली आणि हॉल जागा झाला. शिंगं कसली, कास कशी, वेत कितवं, यावर तीस जाणकारांत चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, पंढरपुरी दिसते. दुसऱ्याने त्याला वेड्यात काढलं. म्हातारीने धार काढायला सुरुवात केली, आणि चरवीत दूध पडल्याचा आवाज आला तशी ही सगळी माणसं एकदम गप्प झाली. मी मोठ्याने भाषांतर करत होते. सरांनी मला थांबवलं नाही. म्हातारी म्हशीला सांगत होती की मुलगा डोंगरात लपलाय, त्याच्याकडे आज दूध पोचवायचं आहे.

मग कर्नल आला. त्यानं म्हातारीला मुलाचा पत्ता विचारला. ती बोलली नाही. त्यानं तिला हात लावला नाही. म्हैस सोडून अंगणात आणायला लावली आणि म्हातारीसमोर तिला गोळी घातली.

अण्णा उठून उभे राहिले. त्यांची सावली अख्ख्या पडद्यावर पडली. "आरं, गाभण हाय ती," ते कर्नलला म्हणाले. मागून कुणीतरी मुर्दाबाद म्हटलं आणि तीसच्या तीस माणसं उठली. कर्नल मुर्दाबाद, लष्करशाही मुर्दाबाद. हॉलच्या काचा हादरल्या. उपप्राचार्यही घोषणा देत होते. प्रोजेक्टरवाल्याने घाबरून मशीन बंद केलं, तर त्याच्यावरच सगळे धावले, की पुढं म्हातारीचं काय झालं ते दाखव. उरलेला सिनेमा सगळ्यांनी उभ्याने बघितला. शेवटी ती म्हातारी रिकाम्या दाव्याशी बसून असते. कुणाला हलावंसं वाटेना.

बाहेर आल्यावर अण्णांनी खिशातलं निवेदन काढलं. आमच्या सोसायटीवर कारवाई करावी, असं ते टाईप केलेलं निवेदन होतं. त्यांनी पेन मागून घेतलं, आमचं नाव खोडलं, वर कर्नल असं लिहिलं, आणि सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते मामांना दिलं. मामांनी पोच दिली.

अहवालात मामांनी लिहिलं, "चित्रपटामुळे जमाव प्रक्षुब्ध झाला. तथापि प्रक्षोभ एका परदेशी लष्करी इसमाविरुद्ध असून सदर इसम आपल्या हद्दीत राहावयास नाही. सबब शांतता अबाधित आहे. निवेदन सोबत जोडले आहे." साहेबांना यात विनोद दिसला नाही. आठ दिवसांत मामांची गगनबावड्याला बदली झाली, प्रशासकीय कारणास्तव. पोलीस खात्यात गगनबावडा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. चार महिने पाऊस, उरलेले महिने धुकं, आणि अहवाल द्यावा असं वर्षभरात काही घडत नाही.

जायच्या आधी मामा बँकेत आले आणि पुढच्या रविवारी मोकळी आहे का विचारलं. शिरोळकडे एका गावाला जायचं होतं आणि त्यांना एकट्याला जायचं धाडस होत नव्हतं. कारण त्यांनी एसटीत बसल्यावर सांगितलं, पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत. बारा वर्षांपूर्वी ते त्या तालुक्यात होते. नदीकाठची पाण्याची मोटार चोरीला गेली. मोटारीवर राखणीला असलेल्या कांबळे नावाच्या तरुणाला पकडलं. बी. एड.ला होता, सुट्टीत राखण करायचा. मामांनी त्याला दोन दिवस मारलं. नंतर मोटार सापडली ती फिर्यादीच्याच चुलतभावाच्या विहिरीवर. कांबळेला सोडून दिलं आणि मामांनी त्याला गावापर्यंतचं एसटीचं तिकीट काढून दिलं. "तिकीट काढून दिलं म्हंजे मिटलं, आसं वाटलं बगा मला," ते म्हणाले. "बारा वरसं वाटत हुतं."

कांबळे आता हायस्कूलला मराठी शिकवत होते. आम्ही पोचलो तेव्हा घरातली मंडळी नुकतीच विहारातून परतली होती, पांढऱ्या कपड्यांत. गुरुजींच्या पत्नीने पाणी दिलं. मामा बसेचनात. शेवटी उभ्यानेच त्यांनी आपण कोण ते सांगितलं.

"मी तुम्हाला ओळखलं नाही," गुरुजी म्हणाले. "ओळखणार कसा? दोन दिवस मी खिडकीकडंच बघत होतो."

मामांनी हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं. गुरुजी म्हणाले, "तोंडी नको. तोंडी तर तेव्हाही पुष्कळ बोलला होता. लिहून द्या."

मामा खाली बसले आणि मांडीवर डायरी घेऊन लिहू लागले. लिहिण्याची त्यांना सवय होती. अर्ध्या तासात दोन पानं झाली. गुरुजींनी खिशातून लाल पेन काढलं आणि वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीवर थांबले. "सदर हवालदाराने सदर इसमास," त्यांनी वाचलं. "सदर हवालदार कोण?"

"मी," मामा म्हणाले.

"मग ‘मी’ लिहा. आणि सदर इसमाला नाव आहे."

मामांनी पुन्हा लिहिलं. गुरुजींनी दुसऱ्या खर्ड्यात ‘मारहान’ खोडून ‘मारहाण’ केलं, एका वाक्याला कर्ता नाही म्हणून बाजूला रेघ मारली, आणि ‘चौकशीकामी थोडा चोप दिला’ यातल्या ‘थोडा’भोवती लाल गोल केला. तिसऱ्यांदा लिहून होईपर्यंत मामांची पाठ घामाने भिजली होती. गुरुजींच्या पत्नीने दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्याच्या मध्ये चहा दिला. तिसरा कागद गुरुजींनी दोनदा वाचला आणि कपाटातल्या फायलीत ठेवला, ज्या फायलीत त्यांची पदवीची प्रमाणपत्रं होती. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मामांनीही विचारलं नाही. गुरुजी दारापर्यंत आले नाहीत. त्यांच्या पत्नीने मात्र सांगितलं की पाऊस येईल, फाट्यापर्यंत लवकर पोचा.

येताना जयसिंगपूर मागे पडलं. मग मामा म्हणाले, "गुरुजी लय कडक हाय. आमची भरतीची परीक्षा इतकी कडक न्हवती." आणि रुमालाने तोंड पुसण्याच्या निमित्ताने त्यांनी बराच वेळ रुमाल तोंडावर धरला.

त्यांच्या मागे आमची सोसायटी आणखी काही वर्षं चालली. पण पहिली रांग रिकामी असायची आणि हळूहळू बाकीच्याही झाल्या. सीडी आल्या, लोक घरी बघू लागले, सर मुलाकडे पुण्याला गेले. मला मात्र एक काम लागलं होतं. मामांनी चौकीत सहकाऱ्याकडून एक सीडी प्लेअर मिळवला होता. मी त्यांना सीडी पाठवायची आणि सोबत अख्ख्या सिनेमाचं भाषांतर दोनशे पानी वहीत लिहून द्यायची. निवृत्तीनंतरही ते गगनबावड्यालाच राहिले. माणसं चांगली आहेत आणि धुक्यात कुणी ओळखत नाही, असं त्यांनी कळवलं. अशा अकरा वह्या झाल्या. संवाद मराठीत आणायचा तर आधी त्या माणसाला ओळखावं लागतं, छळणाऱ्यालासुद्धा, हे मी त्या वह्यांत शिकले. पुढे मी पुस्तकांची भाषांतरं करू लागले. बसले की आजही पहिला प्रश्न तोच असतो, की वाक्यात ‘मी’ कुठे आहे.

मामा गेल्याचं पत्र मला उशिरा मिळालं, तेरावाही होऊन गेला होता. पण मामा म्हटलं की मला आठवते ती त्याच्या दोन पावसाळे आधीची भेट.

मी नवी वही घेऊन स्वतःच गगनबावड्याला गेले होते. दुपारचे तीन वाजले होते, पण बाहेर पाऊस असा कोसळत होता की मामा आता गावाला सिनेमे दाखवत त्या शाळेच्या खोलीत अंधारच होता. टीव्हीसमोर पोती अंथरून चाळीसेक माणसं बसली होती. दोन पोलीस, त्यांच्या बायका, एक एसटीचा कंडक्टर, भाजी विकणारी एक आजी. सिनेमा एका नर्सचा होता. तिनं बंडखोरांच्या जखमा बांधल्या म्हणून तिला पकडून आणतात. मामा टीव्हीशेजारी खुर्चीवर बसून वहीतले संवाद वाचत होते, सगळ्यांचे आवाज काढून. नर्सचा आवाज त्यांनी असा मऊ काढला की मला हसू आवरेना, पण बाकी कुणी हसत नव्हतं. अधिकाऱ्यानं खोलीचं दार लावून घेतलं. त्यानं बाही वर सारली. आणि लाईट गेली.

लोक तसेच बसून राहिले. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग वाचू लागले. अंधारात त्यांना अक्षर दिसत नव्हतं, हे मला कळत होतं. पुढे काय होतं ते मीच लिहिलं होतं. पुढे फार वाईट होतं. मामा मात्र सांगत होते की अधिकाऱ्याला वरून फोन आला, त्यानं बाही खाली केली, दार उघडलं आणि बाईला म्हणाला, जावा तुम्ही. ती बाहेर पडली. नदी ओलांडली. गावाच्या वाटेला लागली.

मी खाली वाकून त्यांच्या कानात म्हटलं, "मामा, असं नाहीये त्यात."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "पन आता लाईटच न्हाय तर सोडू या की तिला."

पोरं-बाळं सावरत माणसं उठू लागली. भाजीवाली आजी पोतं घडी घालता घालता थांबली आणि तिनं विचारलं, घरी पोचली न्हवं ती, येवढ्या पावसात?

"पोचली," मामा म्हणाले. "चुलीपाशी बसलीया."